अप्पांच्या गाडीला मी घातलेली आंघोळ

अप्पांच्या गाडीचा कंप्युटर मी लिंबाच्या वासाच्या शाम्पूने धुतला.

हे मी त्याच दिवशी कबूल केलं असतं तर हकिकत इथेच संपली असती आणि तुमचाही वेळ वाचला असता. पण मी ते कबूल केलं अकरा दिवसांनी. तेही शाम्पूची बाटली समोर आणून ठेवल्यावर!

अप्पा म्हणजे माझे सासरे. जन्मभर शिक्षक. पहिली नोकरी सूर्यमाळच्या एका पाड्यावरच्या शाळेत, तिथे आठ वर्षं. निवृत्त झाले त्या वर्षी त्यांनी एक छोटी चंदेरी गाडी घेतली आणि तिला मुलीसारखं वाढवलं. (खरी मुलगी माझ्या घरी. तिला एवढं जपल्याचं ती स्वतः तरी सांगत नाही.) सासूबाई गेल्यावर अप्पा जव्हारला आमच्याकडे राहायला आले, बरोबर गाडी आली. डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांनी चावी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "विनायकराव, हिचं वय झालंय. हिला फार काही लागत नाही. फक्त छेडू नका."

मी छेडलं.

त्याचं झालं असं. अप्पांच्या सूर्यमाळच्या जुन्या विद्यार्थ्यांनी मेळावा ठरवला. होळीला तिकडची कामावर गेलेली सगळी माणसं घरी येतात, चार दिवस राहतात आणि परत भिवंडी, ठाणे, वसईकडे पांगतात. म्हणून मेळावा धुळवडीनंतर दोन दिवसांनी, भर दुपारी, शाळेच्या पटांगणात. अप्पा महिनाभर आधीपासून खूश. त्यांचं एकच मागणं होतं.

"विनायकराव, जाताना पार्वतीबाईंना गाडीत घ्यायचं."

पार्वतीबाई म्हणजे शाळेला पाणी भरणाऱ्या बाई. सूर्यमाळला उन्हाळ्यात पाणी म्हणजे काय ते तिथल्या बायकांच्या मानेला विचारावं. या बाईंनी आठ वर्षं खालच्या झऱ्यावरून डोक्यावर हंडे आणून शाळेतल्या पोरांना पाजलं. आता सत्तरीच्या पुढे गेलेल्या, गुडघे कामातून गेलेले. त्यांचा पाडा शाळेपासून दरीच्या पलीकडे, चालत गेलं तर दीड तास. गाडीरस्ता मात्र लांबून फिरून दारापर्यंत जातो.

"दारातून गाडीत बसवायचं आणि शाळेच्या दारात उतरवायचं," अप्पा म्हणाले. "एकदा तरी त्यांनी चढ न चढता शाळेत यावं."

मी म्हटलं, "अप्पा, काळजीच सोडा. गाडी अशी चमकवतो की बघत राहाल!"

मग एका दुपारी बायको, म्हणजे शुभांगी, तिच्या मैत्रिणीकडे गेलेली आणि अप्पा झोपलेले असताना मी गाडी धुवायला काढली. बाहेरून चकाचक झाली. तेवढ्यावर थांबावं की नाही? पण मी बॉनेट उघडलं. आत वीस वर्षांची काळी, तेलकट धूळ! मला ती बघवेना. मेळाव्याला येणारं कुणी बॉनेट उघडून आत बघणार होतं का? नव्हतं. तरीही मी शाम्पूची अर्धी बाटली ओतली, ब्रशने घासलं आणि नळी लावून, पाण्याचा जोर अंगठ्याने वाढवून, बॅटरीच्या बाजूला असलेला एक चपटा डबा विशेष प्रेमाने स्वच्छ केला. कारण त्याच्यावर सगळ्यांत जास्त मळ होता.

तो डबा म्हणजे गाडीचा कंप्युटर. पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, सगळं तो ठरवतो. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. आणि जव्हारात माझा कंप्युटरचाच क्लास आहे!

गाडी लगेच सुरू झाली. मी ऐटीत बाजारात निघालो. एसटी स्टँडच्या तोंडाशी इंजिन एकदा जोरात ओरडलं, मग हळू झालं, पुन्हा ओरडलं, समोरचा पिवळा दिवा लागला आणि गाडी जागेवर बसली. समोरून नाशिकची एसटी बाहेर पडत होती. आता पडेना. मी चावी काढून घेतली तरी गाडीचा पंखा आपला घरघर फिरतोच आहे! ड्रायव्हरने हॉर्न दिला. कंडक्टर खाली उतरला. चार जणांनी गाडी ढकलून बाजूला केली, पाचव्याने कशी ढकलावी ते सांगितलं.

काशिनाथला फोन केला. काशिनाथ गाड्यांचा मिस्त्री, ठाण्याच्या गॅरेजांत पंधरा वर्षं काढून जव्हारला परत आलेला. तोही सूर्यमाळचाच, अप्पांचा विद्यार्थी. मेळाव्याची निम्मी धावपळ त्याचीच. तो आला, त्याने स्टिअरिंगच्या खाली एक वायर जोडून हातातल्या छोट्या मशीनकडे बघितलं, पुन्हा जोडली, पुन्हा बघितलं. तोवर बातमी घरी पोचली होती. शुभांगी आणि अप्पा रिक्षाने आले.

"सर, कंप्युटर बोलतच नाय," काशिनाथ म्हणाला. "याला पाणी लागलं का कठं?"

आता हा क्षण बघा. तिघं माझ्याकडे बघतायत. "हो रे, मी धुतलं," एवढे चार शब्द. मी काय म्हणालो?

"पाणी? पाणी कुठलं? मार्च महिन्यात?"

एवढंच म्हणून गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण खोटं बोलणाऱ्याला शांतता सोसत नाही. मी पुढे म्हणालो, "गेल्या आठवड्यात सर्व्हिसिंग तूच केलीस ना? वायर-बियर नीट बसवली होतीस ना?"

आणि ते मी जरा मोठ्याने म्हणालो. स्टँडवरच्या लोकांना ऐकू जाईल इतपत.

काशिनाथचा चेहरा उतरला. "बसवली होती सर," तो म्हणाला. मग बॉनेटकडे वळत, "बघतो परत."

दोन दिवस तो माणूस दुसरी कामं बाजूला ठेवून, आमच्या गाडीतली एकेक वायर बोटांनी चाचपत बसला होता. स्वतःची चूक शोधत! मी क्लासला जाता-येता त्याला बघायचो. एकदा तर मी थांबून विचारलं, "सापडलं का काही?" हे आठवलं की आजही मला माझ्याच तोंडात ती नळी धरावीशी वाटते.

तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "वायरिंग बराबर आहे. कंप्युटरच खलास झालाय. नाशिकला एक जण असे डबे खोलून रिपेअर करतो. त्याच्याकडे पाठवू."

डबा उघडला की सगळं बाहेर पडणार होतं. मी छाती पुढे काढून म्हणालो, "कंप्युटर ना? मग तो माझ्यावर सोड."

घरी आणून मी तो डबा आधी पंख्याखाली ठेवला. मग शुभांगीचा केस वाळवायचा ड्रायर लावला. मग आठवलं, भिजलेला मोबाइल तांदळात ठेवतात. डबा तांदळाच्या पिंपात खोल पुरला. दुसऱ्या दिवशी शुभांगीने भातासाठी माप घातलं आणि खट्ट आवाज आला.

"अहो! तांदळात हे काय?"

"गाडीचा कंप्युटर आहे. त्याला जरा... कोरडं वातावरण लागतं."

"ओला आहे का तो?"

"छे छे! दमट हवेने होतं तसं."

"जव्हारला? होळीच्या तोंडावर? ओठ फुटलेत माझे!"

ती माझ्याकडे बघत राहिली. लग्नाला पंचवीस वर्षं झालेली बायको अशी बघते तेव्हा तिला सगळं कळलेलं असतं, फक्त तपशील यायचा असतो.

डबा पुन्हा गाडीत बसवला. चावी फिरवली आणि गाडी सुरू झाली! अप्पांनी टाळी वाजवली. टाळीसाठी हात दुसऱ्यांदा एकत्र येईपर्यंत गाडी बंद पडली. कुठल्याशा फटीतून तांदळाचे चार दाणे तेवढे बाहेर पडले.

मग मी दुसरी हुशारी केली. भिवंडीला माझ्या ओळखीचा एक जण जुन्या गाड्या तोडणाऱ्यांकडे ऊठबस करतो. त्याला फोन केला, "या गाडीचा कंप्युटर पाठव."

काशिनाथ म्हणाला, "सर, डब्यावर नंबर असतो. तो जुळला पाहिजे."

"अरे, कंपनी तीच, मॉडेल तेच. नंबर काय, माणसांनी नुसते छापून ठेवलेले असतात!"

(मी शिकवतो. लोक माझ्याकडे मुलं पाठवतात!)

डबा एसटीने पार्सल आला. काशिनाथने तो बसवला. चावी फिरवली. गाडी सुरू झाली, दोन सेकंदांत बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. पंचवीस वेळा तेच. जणू दारात पाहुणा बघून कुणी "या" म्हणावं आणि लगेच दार लावून घ्यावं.

"हा चावीला ओळखत नाय," काशिनाथ म्हणाला. "चोरी होऊ नये म्हणून तसं असतं. ज्या गाडीचा डबा, तिचीच चावी. आणि नंबर पण बिजाच आहे सर, जुळत नाय."

तोवर होळी दोन दिवसांवर आली होती. मी निमूटपणे जुना डबा नाशिकला पाठवू दिला. मनाशी म्हटलं, एव्हाना वाळला असेल. पाण्याचा काय पुरावा राहतो?

धुळवडीच्या दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे काशिनाथच्या गॅरेजमध्ये बसलो होतो. मेळावा उद्यावर आलेला. अप्पा खुर्चीवर, मांडीवर नव्या धोतराची घडी. इस्त्री करून आणायला निघाले होते, वाटेत थांबले. नाशिकहून फोन आला. काशिनाथचे हात तेलाने माखलेले, म्हणून त्याने कोपराने स्पीकर चालू केला.

"काशिनाथभाऊ," पलीकडचा माणूस हसत होता, "हा डबा कुणी धुतला हो? आत पांढरा थर बसलाय साबणाचा. आणि वास... थांबा... लिंबाचा! सगळं कार्ड गंजलंय. आणि एक तांदळाचा दाणा पण निघाला. पूजा-बिजा घातली होती का?"

मी समोरच्या भिंतीवरचं टायरचं कॅलेंडर वाचायला लागलो.

"कुणी धुतला?" अप्पांनी विचारलं. आवाज वर्गातला होता.

काशिनाथने एकदा माझ्याकडे बघितलं. मग फडक्याला हात पुसत म्हणाला, "गुरुजी, सर्व्हिसिंगला माझ्याकडूनच पडलं असल पाणी. ध्यानात नाय राहिलं."

आता पुढचं लिहायला लाज वाटते, पण लिहितो. मी मान हलवली. "होतं असं कधी कधी," असंसुद्धा म्हणालो! एखाद्या मोठ्या मनाच्या माणसासारखं!

शुभांगी उठली. गाडीची डिकी उघडली. स्टेपनीच्या मागे मी फडक्यात गुंडाळून लपवलेली बाटली (तिला ती कधी सापडली होती कोण जाणे) काढली आणि अप्पांच्या खुर्चीसमोरच्या स्टुलावर ठेवली. बाटलीवर हे एवढं पिवळंधमक लिंबू.

"काशिनाथभाऊ," ती म्हणाली, "तुम्ही शाम्पू कुठला वापरता?"

"मी तर रॉकेलच्या फडक्याने पुसतो ताई," काशिनाथ अगदी हळू म्हणाला.

मग मी सांगितलं. नळी, अंगठा, ब्रश, सगळं. अप्पा मला ओरडतील असं वाटलं होतं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "गाडीचं सोडा हो. यंत्र आहे. पण पार्वतीबाई उद्या दारात बसून असतील."

त्या दुपारी मी भाड्याची गाडी शोधत जव्हार पालथं घातलं. होळीचे दिवस! निम्मे ड्रायव्हर गावी, उरलेले घरी असून नसल्यासारखे. मोखाड्याला दोघांना फोन केले. एकाने उचलला आणि मला गाणं म्हणून दाखवलं.

शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे अप्पा नवं धोतर नेसून, डोक्याला शुभांगीचा स्कार्फ बांधून काशिनाथच्या मोटरसायकलवर बसले आणि घाटाने गेले. शुभांगी आणि मी एसटीने मोखाड्याला, तिथून माणसांनी खचाखच भरलेल्या जीपने वर. मी जीपच्या मागे लटकलो होतो. आतून एक म्हातारा सारखा म्हणत होता, "पाव्हणं, पडाल!" मला मनातून ते चाललं असतं.

जीप आम्हाला उतरवून लगेच पुढच्या फेरीला मोखाड्याला वळली. आम्ही पोचलो तेव्हा पटांगण भरलेलं होतं. पन्नाशी-साठीची माणसं, काही कंपनीचे शर्ट घातलेली, कडेवर नातवंडं, अप्पांच्या पाया पडायला ओळीत उभी. अप्पा एकेकाला नावाने ओळखत होते. टेबलावर हार होते, नारळ होते आणि प्लास्टिकच्या पिशवीत एक हिरवं लुगडं होतं. पार्वतीबाईंसाठी सगळ्यांनी मिळून आणलेलं.

"पार्वतीबाई?" मी विचारलं.

"काशिनाथ आणायला गेलाय," अप्पा म्हणाले. "मोटरसायकलवर."

पाऊण तासाने मोटरसायकलचा आवाज आला. सगळे वळून बघायला लागले. काशिनाथ एकटाच होता. मागची सीट रिकामी.

"बसल्या होत्या," तो अप्पांना सांगत होता. "दोनदा बसल्या. पाय वरच जात नाय, गुडघा वळत नाय. वाटेतल्या खड्ड्यात पडतील असं मलाच वाटलं. मग पोरं म्हणाली, झोळीतून आणतो. तर लय रागावल्या. म्हणाल्या, झोळीतून आजाऱ्याला नेतात, मी काय आजारी हाय? माझ्यासाठी गाडी येणार हाय, गुरजींनी सांगितलंय. ओट्यावर बसूनच आहेत. तेल लावून, वेणी घालून."

कुणीतरी भाषण सुरू केलं. लुगडं टेबलावर तसंच राहिलं. वारा आला की पिशवी वाजायची, आणि दर वेळी मी तिच्याकडे बघायचो. दुसऱ्या दिवसापासून माणसं कामाच्या ठिकाणी परतायला लागली. ती सगळी पुन्हा एका जागी कधी येणार, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं.

जव्हारला आल्यावर मी काशिनाथची माफी मागायचं ठरवलं. स्टँडवर बोललो होतो, तर माफीही स्टँडवरच. त्याला तिथे चहाला बोलावलं. "काशिनाथ, चूक माझी होती," मी म्हणालो आणि नेमकी एसटी सुरू झाली. "काय?" तो म्हणाला. मी ओरडून सांगितलं. चहावाला म्हणाला, "काय झालं सर?" त्यालाही सांगितलं. पेपर वाचणाऱ्या दोघांनी अर्धंच ऐकलं होतं, त्यांना पहिल्यापासून सांगितलं. चार वेळा माफी मागून झाल्यावर काशिनाथ म्हणाला, "बस करा सर, आथा मलाच लाज वाटते."

गाडी नीट व्हायला दीड महिना लागला. नाशिकच्या माणसाने नंबर जुळणारा दुसरा कंप्युटर शोधला, आमच्या गंजलेल्या कंप्युटरमधली माहिती काढून त्यात भरली, तेव्हा कुठे चावीची ओळख पटली. काशिनाथने तो बसवला. मला त्याने गाडीपासून दहा पावलं लांब उभं केलं होतं.

पहिली फेरी कुठे, हे कुणाला विचारावं लागलं नाही. काशिनाथ पुढे माझ्या शेजारी बसला, वाट दाखवायला. अप्पा आणि शुभांगी मागे. गाडी मी चालवली. म्हणजे, काशिनाथने "आता गिअर टाका" म्हटलं की टाकला. पार्वतीबाई ओट्यावरच होत्या. काशिनाथ उतरून मागे गेला आणि बाईंना पुढची जागा दिली. मागे अप्पांनी सरकून त्याला जागा केली. बाई सीटवर टेकल्या, दोन्ही हातांनी समोरचं सगळं चाचपून बघितलं. शाळेच्या दारात गाडी थांबली तेव्हा शाळेला सुट्टी लागलेली होती. पटांगणात फक्त एक शेळी.

"पोरां कठं गेली?" त्यांनी विचारलं.

"कामावर," अप्पा म्हणाले आणि मागून लुगड्याची पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली.

त्या लुगड्यावरून हात फिरवत राहिल्या. "त्या दिशी गाडी का नाय आली गुरजी? मी उन्हं उतरेपर्यंत बसली होती."

अप्पा म्हणाले, "गाडी बिघडली होती, बाई."

मी म्हणालो, "बिघडली नव्हती आजी. मी बिघडवली. माझ्यामुळे तुमचा दिवस गेला."

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मग मान मागे वळवून अप्पांना म्हणाल्या, "गुरजी, ह्या ड्रायवरला कामावरून काढू नका. चुकला, पन तोंडाने सांगितलंन."

मी शुभांगीकडे बघितलं. ती खिडकीबाहेरची शेळी बघत होती. काशिनाथने रुमाल तोंडाला लावला होता. हा ड्रायव्हर नव्हे, माझा जावई आहे, एवढं तरी अप्पा सांगतील म्हणून मी वाट बघत राहिलो.

अप्पांनी बराच विचार केला.

"तुम्ही म्हणताय म्हणून ठेवतो," ते म्हणाले. "अजून एक महिना बघू."

त्याला आता वर्ष होऊन गेलं. मी अजून कामावर आहे, पण कायम झाल्याचं कुणी सांगितलेलं नाही.